शिचुई डोंगरावरचं बिनदाराचं मंदिर

शिचुई डोंगरावरच्या ताओपंथी मंदिराला भक्कम दगडी चौकट आहे, पण दार नाही. वारा थेट आत शिरतो, हिवाळ्यात बर्फही. पाहुणे बुचकळ्यात पडले की पायथ्याच्या गावचे फानआजोबा पायरीवर टेकतात आणि कारण सांगतात.

फार पूर्वी, राजवटी कोसळत होत्या त्या काळात, तोउ लिंगशू नावाची गुरुमाय इथली मठाधिपती होती. मन तळ्यासारखं निवळू द्या, कशालाही बळानं अडवू नका, ही तिची शिकवण ऐकायला दूरदूरची माणसं येत. तिचे स्वतःचे पाय मात्र ठरत नसत, म्हणे. ध्यानाला बसली की लगेच उठे, ओवरीत येरझाऱ्या घाली. आपण लोकांना सांगतो ते आपल्यालाच साधत नाही, ही टोचणी तिला जन्मभर होती.

एका शरदात एक बंडखोर सरदार गावं जाळत डोंगराकडे निघाला. गावकरी पोराबाळांसह मठात शिरले. खांग या थोरल्या शिष्यानं दाराला अडसर घातला.

"गुरुमाय, हे देवदाराच्या लाकडाचं दार फुटायचं नाही."

"फुटणार नाही, पण पेटेल तर?"

ती दारापासून मागच्या दरीपर्यंत जाई, पुन्हा परते. दरी अरुंद, पण तिच्यावरचा दोरांचा पूल पुरात गेलेला. खाली धूर जवळ येत होता, लेकरं रडत होती. अशाच एका फेरीत ती थबकली आणि दार नजरेनं मापू लागली.

"खांग, दार उतरव."

"शत्रू पायथ्याशी आलाय!"

"म्हणूनच म्हणते."

गावकऱ्यांनी ते अजस्र कवाड वाहून नेऊन दरीवर आडवं टाकलं, ते जेमतेम पुरलं. पण अलीकडचा कातळ उतरता आणि गुळगुळीत. कवाड दरीकडे सरकू लागलं. लिंगशूनं त्याची लोखंडी कडी धरली आणि टाचा रोवल्या.

"मी धरतो," खांग म्हणाला.

"तुझ्या पाठीवर आजारी म्हातारी आहे. तू चाल."

माणसं एकेक करून पार गेली. तिचे खांदे निखळू लागले, तळहात फाटले, पण पाय हलले नाहीत. शेवटचा माणूस पलीकडे पोचला तेव्हा घोडे अंगणात आले होते. खांगनं पलीकडून हाक मारली. कडी सोडून धावणं शक्य नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं. तिनं कडी सोडली. दार दरीत गडगडत गेलं. चिडलेल्या सैनिकांनी तिला तिथंच मारलं, असं सांगतात.

शांतता झाल्यावर खांग परतला, तेव्हा कातळात टाचांचे दोन खळगे उमटले होते, म्हणे. पुढं एका सावकारानं नवं दार देऊ केलं. मठाधिपती झालेल्या खांगनं हात जोडून नको म्हटलं.

आजही दरीपलीकडच्या गावांत कुणी घर बांधलं, की नवं दार आधी अंगणात आडवं ठेवतात. घरातली सगळी माणसं त्यावरून चालून जातात, मगच ते चौकटीत बसवतात.