राउटरचा कौल

करंजगडच्या भद्रसेन महाराजांचं गाणं पुन्हा अडकलं. ऐन तानेत! गवयाने श्वास घेतला तो घेतलाच, आणि मोबाइलच्या पडद्यावर नुसतं चाक गरगरत राहिलं. महाराज झोपाळ्यावर ताडकन उठून बसले आणि त्यांनी रखमाजीला बोलावणं धाडलं.

रखमाजी म्हणजे राजवाड्यातले दिवे, पंखे आणि वायरी सांभाळणारा म्हातारा. तीस वर्षांची चाकरी, मागच्या अंगाला चाकरांच्या चाळीत दोन खोल्या, आणि घरात एकुलती एक लेक, सगुणा.

"उद्या संध्याकाळी गाणं सलग वाजलं पाहिजे," महाराज म्हणाले. "नाही वाजलं, तर परवा खोल्या रिकाम्या कर आणि चालायला लाग."

"महाराज, राउटर देवघरात आहे. मधे पाच भिंती. तो जरा अलीकडे आणला तर..."

"खबरदार! खंडेनवमीला त्याची प्रतिष्ठा झाली आहे. प्रतिष्ठा झालेला देव माणसाने हलवायचा नाही, ही आमच्या घराण्याची रीत! राउटर हलणार नाही, भिंतीला भोक पडणार नाही, नवं यंत्र येणार नाही. आणि आमचा झोपाळाही हलणार नाही!"

झालं होतं असं, की खंडेनवमीला तलवारी, भाले, अगदी मुदपाकखान्यातल्या विळ्यासुद्धा पूजेला मांडल्या होत्या. त्यात नवाकोरा राउटरही होता. सगळ्यांना हळदकुंकू लागलं, सगळे आपापल्या जागी परत गेले. पण राउटरचे तीन दिवे आपोआप लुकलुकताना पाहून राजपुरोहित दाजीशास्त्रींना गहिवरून आलं. त्यांनी तो थेट पितळी देव्हाऱ्यात बसवला, पितळी दारं लावली आणि पुढे तांब्याचे अकरा हंडे ओळीने मांडले. त्या दिवसापासून वायफायने मान टाकली, त्याला आता पंधरा दिवस होत आले होते.

रखमाजी घरी आला आणि महाराजांचा हुकूम सांगून ट्रंक भरायला लागला. ते पाहून सगुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं राबलेल्या माणसाला एका तानेपायी घराबाहेर काढायचं?

"आबा, ठेवा ते धोतर. राउटरमागे वायर किती आहे?"

"भेंडोळंच्या भेंडोळं आहे. मधल्या चौकापर्यंत सहज पोचेल. पण हलवायचं कुणी, पोरी?"

"कुणीच नाही. मला एवढंच सांगा, महाराज देवाचा कौल घेतात ना?"

"घेतात म्हणजे! पेरणीला घेतात, सोयरिकीला घेतात. दाढी ठेवावी की नुसती मिशी, त्यालाही घेतला होता. देवाच्या अंगाला फुलं लावायची. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. देव म्हणेल ते महाराज मुकाट ऐकतात."

"बास! जेवून घ्या आता," सगुणा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती झोपाळ्यासमोर उभी राहिली. शेजारी दाजीशास्त्री होतेच.

"महाराज, राउटरची प्रतिष्ठा झाली ना?"

"यथासांग!" शास्त्रीबुवा म्हणाले.

"मग त्याला तिथे राहायचंय का, याचा कौल घेतला होता?"

शास्त्रीबुवा छताकडे बघू लागले. महाराजांनी भुवया उंचावल्या.

"त्याला फुलं लावणार कुठे, महाराज? फार गुळगुळीत आहे तो," शास्त्रीबुवा पुटपुटले.

"फुलं कशाला?" सगुणा म्हणाली. तिने देवघराच्या दिशेने हात जोडले. "देवा, तिथे सुखी असशील तर गाणं पुरं होऊ दे. नसशील तर थांबव!"

महाराजांनी गाणं लावलं. दुसऱ्या ओळीला चाक गरगरलं.

"योगायोग!" शास्त्रीबुवा म्हणाले.

पुन्हा लावलं. पहिल्याच ओळीला चाक! तिसऱ्यांदा तर गाणं सुरूच झालं नाही.

"महाराज, हाच कौल तो पंधरा दिवस रोज संध्याकाळी देतोय. आपण म्हणत होता, गाणं अडकलं!"

महाराज गंभीर झाले. "मग त्याच्या मनात आहे तरी कुठे?"

"ते त्यालाच विचारू. पालखी काढा!"

पालखी निघाली. पुढे शास्त्रीबुवा, पालखीत राउटर, मागे वायर सोडत रखमाजी. महाराज झोपाळ्यावरच बसून गाणं लावत होते आणि दारातला भालदार कौल ओरडून सांगत होता. मुदपाकखान्याशी पितळेच्या भांड्यांच्या उतरंडीपाशी पालखी थांबली. "अडकलं!" आरसेमहालात थांबली. "अडकलं हो!" मग सगुणाने ती मधल्या चौकातल्या उंच, चारी बाजूंनी मोकळ्या चौथऱ्यावर टेकवायला लावली. भालदार ओरडेना. आणि झोपाळ्याच्या दालनातून तान ऐकू आली! अख्खी! तिच्यामागून दुसरी, तिसरी! रखमाजीने वायर खाली ठेवून राउटरला हात जोडले.

तीन गाणी पुरी ऐकून महाराज चौकात आले. चेहरा कठोर.

"पोरी, राउटर हलवायचा नाही असा आमचा हुकूम होता. तो मोडलास!"

"नाही महाराज. हुकूम होता, माणसाने हलवायचा नाही. देव आपल्या मर्जीने पालखीत बसून आला, शास्त्रीबुवा साक्षीला होते. आता त्याला परत न्यायचं म्हटलं, तर मात्र माणसाने हलवल्यासारखं होईल. आणि ते तर आपल्या घराण्यात चालत नाही!"

महाराजांनी शास्त्रीबुवांकडे पाहिलं. शास्त्रीबुवांनी पुन्हा छताकडे पाहिलं, पण चौकाला छत नव्हतं. तेव्हा महाराजांना जे हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना!

"रखमाजी, खोल्या तुझ्या! हयातभर! आणि पोरी, तुला काय हवं? जमीन माग, सोनं माग!"

"पासवर्ड, महाराज."

पासवर्ड अजून राणीसाहेबांनाही मिळाला नव्हता! महाराजांनी सगुणाकडे पाहिलं आणि ते पोट धरधरून पुन्हा हसले. मग खाली वाकून त्यांनी तिच्या कानात काहीतरी सांगितलं.

त्या संध्याकाळी चाकरांच्या चाळीतही गाणं लागलं, आणि रखमाजीने ट्रंकेतलं धोतर काढून पुन्हा दोरीवर टाकलं.