सुळ्याची बाग

त्या रानात दर उन्हाळ्याला आग येत असे. ती डोंगरापलीकडच्या कुरणात जन्मायची, वाऱ्याच्या पाठीवर बसून यायची आणि वाळलेलं जे सापडेल ते खायची. गवत, घरटी, पळता न येणारी पिल्लं, तिला सगळं सारखंच.

रानाच्या कडेला मात्र एक उघडाबोडका पट्टा होता. तो सुळ्या नावाच्या रानडुकराने राखलेला. तो रोज नाक खुपसून तिथलं गवत मुळासकट उपटायचा आणि त्याची मादी भुरी ढेकळं उलथायची. खायला काहीच न मिळाल्याने आग त्या पट्ट्याशी येऊन फणफणायची आणि तिथेच मरायची. तरी हरणं नाकं मुरडत. "रानाच्या तोंडावर खरूज उठल्यासारखं दिसतं हे," सांबर म्हणे. त्याची शिंगं सगळ्यांत मोठी, म्हणून त्याचं मतही मोठं धरलं जाई.

एका उन्हाळ्यात वादळ सुटलं आणि एक पेटती फांदी पट्टा ओलांडून आत पडली. सगळे पळाले. सुळ्या उलटा धावला. पेटलेलं गवत तो नाकाने उकरून मातीखाली गाडत राहिला. राठ केस जळाले, कातडी तडकली, डोळे फुटले. मग जिकडून जास्त भाजेल तिकडे तो आंधळेपणाने घुसू लागला. शेवटचा जाळ त्याने पोटाखाली दाबला आणि तो उठला नाही. फक्त सुळे ओळखू येत होते. जीभ पोळली तरी भुरी ते चाटत राहिली.

रान रडलं, आणि अगदी खरं रडलं. सांबर पुढे येऊन म्हणालं, "ज्याने आपल्यासाठी जीव दिला, त्याची जागा अशी भकास ठेवायची? इथे आपण बाग फुलवू." पाखरांनी चोचीतून बिया आणल्या. पावसाळ्यात पट्ट्यावर पोटाला लागेल एवढी हिरवळ डोलू लागली.

"दादा, माझ्या धन्यानं जन्मभर हेच उपटलं," भुरी सांबराच्या पाया पडली. "इथं काही उगवू देऊ नका. मागच्या झुडपात माझी पिल्लं आहेत."

"दुःखानं भ्रमिष्ट झालीय बिचारी," सांबर हळुवारपणे म्हणालं.

तेव्हा भुरीने बागेत नाक खुपसलं आणि रोपं उपटायला सुरुवात केली. सुळ्याचा असा अपमान रानाला सोसवला नाही. सांबराने शिंगं खाली घालून तिची कूस फाडली, हरणांनी तिला खुरांखाली तुडवलं. जीव जाईपर्यंत तिने नाक मातीतून काढलं नाही. मग तिला बाजूला ओढून सगळे उपटलेली रोपं पुन्हा लावायला वाकले.

उन्हाळा आला. बाग वाळून सोन्यासारखी दिसू लागली. सुळ्याच्या स्मृतिदिनाला सारं रान तिथे जमलं, सांबर बोलायला उभं राहिलं. मागच्या झुडपात भुरीची पिल्लं झोपली होती.

डोंगर उतरून आग आली. पट्ट्याच्या कडेशी ती सवयीने थांबली. मग तिने बागेत एक पाऊल टाकून पाहिलं.