शेवटच्या गाण्याचा आवाज

कॉलेजातल्या पोरापोरींच्या गाण्यांवरची ती मालिका दोन महिन्यांतच गुंडाळली गेली. शेवटचा भाग बघायला निर्माते पाठारेसाहेबांनी ऑफिसात सगळ्यांना जमवलं. नायिकेची गाणी गाणारी शाल्मली मागे एकटीच बसली होती. तिला तिथं कुणी ओळखतच नव्हतं. ऑफिसातली नवी मुलगी समजून कुणीतरी रिमोट तिच्या हातात दिला होता. साहेब मात्र भाग सुरू झाल्यापासून स्वतःचंच कौतुक मोठमोठ्यानं सांगत होते.

भाग संपताच ते कडाडले, "त्या गाणाऱ्या पोरीनं मालिका बुडवली! शेवटचं गाणं तर काय बेसूर!"

शाल्मली उभी राहिली.

"साहेब, ते गाणं लागताच मी टीव्हीचा आवाज बंद केला होता. वाटलं, कुणीतरी विचारेल."