पाय मागायची शिळा

आंबेघोळच्या घाटात, निम्म्या चढणीवर, वाटेच्या कडेला एक सपाट शिळा आहे. कंबर धरली, उसण भरली की माणसे तिच्यावर येऊन पालथी पडतात आणि गावातली एखादी पायाळू बाई, म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेली, त्यांच्या पाठीवर पाय देते. पडलेला माणूस वयाने, मानाने कितीही मोठा असो, पाय त्यानेच मागायचा असतो. असे का, हे गावचे म्हातारे गणू गुरव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

फार पूर्वी या घाटातून कोकणातले मीठ माणसांच्या पाठीवरून वर येई. बाळोजी हा त्या ओझेवाल्यांचा म्होरक्या. धुरपी त्याची सून. लग्नाला वर्षही झाले नव्हते. ती पायाळू होती आणि हे सासरी कोणालाच ठाऊक नव्हते. पायाळू माणसावर वीज पडते अशी समजूत, तेव्हा डोंगरातल्या घरात अशी सून कोण करून घेणार? सोयरीक जुळताना बाळोजीने स्वतः विचारले होते, "पोर पायाळू न्हाय ना?" तिच्या बापाने मान हलवून नाही म्हटले होते. हे उघड झाले तर आपली रवानगी माहेरी, हे धुरपी जाणून होती.

दसरा उलटल्यावरची गोष्ट म्हणे. धुरपीही त्या दिवशी ओझे घेऊन चढत होती. चढणीवर बाळोजीचा पाय घसरला, तोल सावरताना ओझ्यासकट कंबर पिरगळली आणि तो या शिळेवर पालथा पडला. वळता येईना, श्वास घेतला तरी कळ मस्तकात जाई. खालून ढग वर सरकत होते. पाऊस लागला की ही वाटच ओढा होते, आणि ती इतकी अरुंद की दोघांनी मिळून माणूस उचलून नेता येत नाही.

"तात्या, शिळेशी पाट लावलासा काय?" कोंडू नावाचा गडी म्हणाला. मग म्हाताऱ्याचा चेहरा पाहून त्याने थट्टा आवरली. फडक्यात मीठ बांधून, ते विस्तवावर तापवून शेकले. तेल लावून चोळले. अंगठा टेकवताच बाळोजी किंचाळला.

"पाठ हाय का सागाची फळी!" कोंडू हात झटकत म्हणाला. "एखादं पायाळू माणूस असतं तर..."

"गप रं! वर आभाळ बघ," दुसरा खेकसला. "इजेला आवतण देतोस व्हय?"

"मला हितंच ठेवा," बाळोजी पुटपुटला. "मीठ भिजंल. निघा."

धुरपीने ओझे खाली ठेवले. हे कधी कोणाला सांगू नकोस, ही आईने दिलेली ताकीद तिला आठवली, आणि शिळेवरून वाहणारे पाणीही डोळ्यांपुढे आले.

"मामंजी, मी हाय पायाळू."

विजेच्या धास्तीने सगळे तिच्यापासून मागे सरले. माणसांनी ओझी उचलली आणि वरच्या वळणावरचे हिरड्याचे झाड गाठले. कोंडूही गेला.

बाळोजी शिळेवर गाल टेकून म्हणाला, "तुझ्या बापाला मी इचारलं व्हतं."

"व्हय."

"खोटं बोलला."

"व्हय, मामंजी."

ढग गडगडले. "बरं केलं," बाळोजी म्हणाला. "खरं बोलला असता तर आज तू हितं नसतीस. पाय दे."

"सासऱ्याला पाय कसा लावू?"

"मी मागतोय न्हवं? दे."

धुरपीने कड्याचा कंगोरा धरला. आधी नुसता तळवा टेकवून ठेवला. त्या उबेने कंबर जराशी सैलावली. मग टाच दिली. म्हातारा श्वास सोडी तेव्हा ती भार टाकी, घेई तेव्हा उचली. मणक्याला न शिवता, दोन्ही अंगांनी. तिला हे कोणी शिकवले नव्हते असे सांगतात. खरेखोटे कोण जाणे. टाचेखालची गाठ हळूहळू विरघळली. बाळोजी गुडघ्यांवर आला, मग उभा राहिला.

सून सासऱ्याच्या पाठीवर उभी आहे, हे पाहायचा मोह कोंडूला आवरला नव्हता. तो खाली उतरला, त्याच्यामागून बाकीचेही आले. ते शिळेपाशी पोचतात न पोचतात तोच वीज कडाडली आणि ती त्या रिकाम्या हिरड्यावर पडली, असे सांगतात. काही जण म्हणतात, वीज पडलीच नाही, हिरडा पुढे वाळवीने गेला. गुरव दोन्ही सांगतात.

एरवी बायका रांगेच्या शेवटी चालत. बाळोजीने धुरपीचे ओझे कोंडूच्या डोक्यावर दिले आणि तिला म्हणाला, "पोरी, पुढं हो."

"तात्या, ढग हायत अजून," कोंडू म्हणाला.

"म्हणूनच."

आजही आंबेघोळची माणसे घाट चढतात तेव्हा पायाळू बाई सर्वांत पुढे असते. आणि आभाळ भरून आले, तर मागचे तिच्या आणखी जवळ येऊन चालतात.