घट्ट बसलेली चाकं

“...आणि चाकं आणणाराच खोटा निघाला तर, बाबा?”

प्रश्न मठाच्या दारातूनच आला. सोमगिरी बाबा धुनीपाशी बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

श्रीपाद टिल्लू आत आले. कोणी ऐकत तर नाही ना, हे त्यांनी मागे वळून पाहिलं आणि मगच बसले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. माणूस हुशार, आणि आपण हुशार आहोत हे दुसऱ्याला विसरू न देणारा.

त्यांच्या माडीवरच्या खोलीत छोट्या रेल्वेचं अख्खं गाव होतं. पूल, बोगदे, स्टेशनं, सगळं. ते त्यांनी आणि शेजारच्या रंगनाथ ढमढेऱ्यांनी तरुणपणापासून मिळून उभं केलेलं. दर यात्रेला ती गाडी मठाच्या ओसरीवर लोकांना चालवून दाखवायची, हा नेम.

यंदा डब्यांची प्लास्टिकची चाकं झिजली. रंगनाथ पुण्याहून धातूची घेऊन आला. ती बसवली, तर डबे रुळांवर जरा डावी-उजवीकडे हलायला लागले.

झालं. टिल्लूंच्या डोक्यात किडा शिरला. यात्रेत गाडी घसरावी, आपलं हसं व्हावं, म्हणून रंगनाथने मुद्दाम ढिली चाकं आणली. त्याला विचारायचं तर नाहीच. त्यांनी खोलीला कुलूप ठोकलं, किल्ली जानव्याला बांधली आणि स्वतः मापं घेऊन दुसरी चाकं मागवली. रुळांत अशी चपखल की हलायला जागाच नाही.

आता बाबांनी रंगनाथला मठात बोलवावं आणि चार लोकांदेखत बेलभंडार उचलून शपथ घ्यायला लावावी, एवढंच त्यांचं मागणं होतं. बेलाचं पान आणि भंडाऱ्याची पुडी त्यांनी घरूनच आणली होती. मठातल्या बेलावर त्यांचा भरवसा नव्हता.

“त्याने शपथ घेतली, तर?” बाबांनी विचारलं.

“तर खरं काय ते कळेल.”

“आणि मग तो तुझ्याकडे येईल?”

टिल्लूंनी हातातली भंडाऱ्याची पुडी पानाशेजारी खाली ठेवली.

चारचौघांत शपथ घ्यायला लावलेला माणूस पुन्हा आपला जिना चढत नाही, हे त्यांना कळत होतं. रंगनाथाशिवाय त्या खोलीत त्यांना करमतही नव्हतं. एकट्याने गाडी सोडायची आणि एकट्यानेच बघायची, याचं त्यांना रडू येई. पण संशय सुटत नव्हता.

“कुलूप लावल्यापासून गाडी नीट चालते?”

“नाही. वळणावर अडकते.”

“मग?”

टिल्लू पुढे सरकले. आवाज खाली आणून म्हणाले, “त्याच्याकडे दुसरी किल्ली असणार.”

बाबांनी गाडी बघायला मागितली. टिल्लूंनी पिशवीतून दोन डबे आणि वळणाच्या रुळाचा एक तुकडा काढला. एका डब्याला रंगनाथची चाकं होती, दुसऱ्याला त्यांची स्वतःची.

बाबांनी टिल्लूंचा डबा बोटाने ढकलला. वळण लागलं तसा तो थांबला. पुन्हा ढकलला, तर रुळावरून उतरला.

“हा रूळ रंगनाथनेच वाकवलाय,” टिल्लू लगेच म्हणाले.

बाबांनी त्याच रुळावर रंगनाथचा डबा ठेवला. डबा खडखडत, हलत वळला आणि दुसऱ्या टोकाला गेला.

“ऐकलंत ना? किती खडखडतो.”

“पोचला,” बाबा म्हणाले.

मग त्यांनी शपथेसाठी आणलेलं ते बेलाचं पान उचललं. टिल्लूंना बरं वाटलं. म्हणजे बाबांना पटलं तर.

पण बाबा रुळावर वाकले. रंगनाथच्या डब्याच्या चाकाची कड आणि रूळ यांच्या मध्ये त्यांनी पानाचं टोक सरकवलं. ते अलगद आत गेलं. मग तेच टोक टिल्लूंच्या चाकापाशी लावलं. तिथे ते शिरेना. जरा जोर दिला, तसं मुडपलं.

टिल्लूंनी पान हातातून घेतलं. उलटं करून पाहिलं, उजेडात धरलं. पान त्यांच्याच परसातलं होतं. त्यांनी स्वतः दोन्ही चाकांपाशी लावून पाहिलं...

मग चष्मा काढून पुसला.

“मग... रंगनाथला कधी बोलावताय?” त्यांनी विचारलं. आवाजात मघाचा जोर नव्हता.

बाबांनी भंडाऱ्याची पुडी त्यांच्या पिशवीत परत टाकली. मुडपलेलं पान मात्र त्यांच्या तळहातावर ठेवलं.

“घरी जा, कुलूप काढ. आणि दार ओढून घेशील तेव्हा फटीत हे पान राहील एवढंच ओढ.”