दिवसाला काठ लावणारी ठकू

फार वर्षांपूर्वी, दिवसाला काठ नव्हते तेव्हाची ही गोष्ट आहे. सूर्य दुपारी जेवढा पांढरा, तेवढाच मावळतानाही पांढरा असायचा. आणि मग दिव्यावर टोपली पालथी घालावी तसा एकदम अंधार. दिवस किती उरलाय, हे रानातल्या माणसाला कळायचंच नाही. संध्याकाळ हा शब्दही तेव्हा नव्हता.

आडवेढे गाव रानाच्या तोंडाशी होतं आणि रानात वाघ होते. म्हणून गावाला वेस होती, वेशीला सागवानी दार होतं आणि दाराचा एक नियम होता. अंधार पडला की अडसर पडला. मग बाहेर कुणीही असो. हा नियम गावातल्या पाच म्हाताऱ्यांनी केला होता, आणि असं म्हणतात की त्यांच्यातला एकही जण दुपारनंतर वेशीबाहेर जात नसे.

त्या गावात ठकू नावाची कोष्टीण होती. ती माग चालवायची. तिची धाकटी बहीण चिमा रानातून मंजिष्ठेच्या मुळ्या खणून आणायची. त्या मुळ्यांनी सूत लाल रंगतं.

एके दिवशी चिमा परत येताना, ती दारापासून चार पावलांवर असताना, अंधार झाला. चार पावलं. आतून अडसर पडला.

"ठकूताई, मी आलेय," चिमा दार ठोठावत म्हणाली. "दारातच आहे."

ठकू धावली, तर त्या पाचांतल्या रायाजी पाटलांच्या गड्यांनी तिला धरलं.

"पाटील, ती दाराला टेकून उभी आहे. एवढंसं उघडा. बारीक आहे ती, मावेल."

"आज चिमा, उद्या आणखी कुणी," पाटील म्हणाले. "नियम माणूस बघून चालत नाही, पोरी."

बाहेरचा आवाज थांबेपर्यंत सगळं गाव दाराच्या आत उभं होतं. सकाळी बाहेर फक्त मुळ्यांचं गाठोडं सापडलं. आणि असं म्हणतात की त्या सकाळी पाचही म्हातारे वेळेवर न्याहारीला बसले. ऐकणाऱ्याला हे खरं वाटत नाही. पण हे सांगणारे दाराच्या आतलेच होते.

ठकू रडली नाही. दोन दिवस ती मागाच्या खड्ड्यात पाय सोडून सुन्न बसून होती. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "या दिवसाला काठच नाहीत."

दरवर्षी रथसप्तमीला गाव सूर्याला एक शेला वाहत असे. तो टेकडीवर बांबूला बांधायचा. सूर्य तो उचलून वर्षभर आभाळावर अंथरतो, असं म्हणतात. शेला पांढरा हवा, बिनकाठाचा हवा. काठ म्हणजे शेवट, आणि देवाला शेवट दाखवायचा नसतो, असं म्हाताऱ्यांचं म्हणणं.

त्या वर्षीचा शेला ठकूने विणला. चिमाच्या मुळ्या उकळल्या, वाळलेली पळसफुलं उकळली, हळद कालवली. रंगवलेलं सूत पक्कं व्हायला तुरटी लागते आणि दिवस लागतात. तिच्याकडे पाचच दिवस होते. तिने कच्च्या रंगाचं सूतच मागावर चढवलं.

टेकडीवर शेला उलगडला आणि गाव थिजलं. दोन्ही कडांना लाल, केशरी, पिवळे काठ.

"देवाला शेवट दाखवतेस?" रायाजी पाटील ओरडले.

"देवाला तो ठाऊक आहे," ठकू म्हणाली. "तुम्हाला दिसावा म्हणून लावलाय."

पाटलांनी शेला ओढायला हात घातला, तर बांबू रिकामा होता. तेव्हा त्यांनी ठकूलाच वेशीबाहेर काढलं आणि उजेड असतानाच अडसर घातला.

आणि मग पश्चिम पिवळी झाली. पिवळीची केशरी झाली, केशरीची लाल. गाई चरायच्या थांबल्या. म्हातारे जमिनीवर पालथे पडले. रान पेटलं म्हणून शेतातली माणसं नांगर टाकून गावाकडे पळत सुटली. वेशीशी ठकू उभी होती.

"पळू नका," ती प्रत्येकाला सांगत होती. "वेळ आहे अजून."

बाहेरून चाळीस माणसं दार ठोठावू लागली. पालथ्या पडलेल्या पाटलांनी ओरडून सांगितलं, "उघडू नका."

गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "पाटील, अंधार कुठे पडलाय?" असं म्हणून त्यांनी अडसर काढला.

चाळीसही जण आत आले. ठकू आली नाही. कुणी मागे राहिलंय का, हे बघायला ती रानाकडे गेली. लाली विझली तरी ती परतली नाही. पण सकाळी पूर्वेलाही तसाच लाल काठ उजळला, आणि ठकू चालत चालत त्या काठाशी पोचली, असं म्हणतात. त्यानंतर सूर्याने दुसरा शेला उचललाच नाही. रंग कच्चा होता, म्हणून तो रोज वेगळा उतरतो. कधी गडद, कधी नुसता पिवळट, कधी वरपर्यंत ओघळलेला.

आडवेढ्याच्या वेशीला आता दार नाही. पण रथसप्तमीच्या संध्याकाळी गावातले सगळे वडीलधारे वेशीबाहेर जाऊन उभे राहतात. वेशीत एक तरुण मुलगी उभी असते. लाली पुरती विझेपर्यंत ती त्यांना आत घेत नाही. गेल्या वर्षी एका आजोबांनी गुडघे दुखतात म्हणून सवलत मागितली. मुलीने त्यांना खुर्ची दिली. वेशीबाहेर.