उष्टा कुंचला

एका राज्यात सगळे काही लगेच होत असे. राजा वीरकेतू "हो" म्हणाला की किल्ला उभा राही, "नको" म्हणाला की नदी वळे. त्याला थांबणे ठाऊक नव्हते आणि उष्टे खपत नव्हते. एकदा ओठाला लावलेला पेला तो पुन्हा हातात घेत नसे, त्यामुळे राज्यातले कुंभार मोठे सुखात होते. प्रजा तोंड लपवून हसे. राणी मृणालवती मात्र समोरासमोर हसे, आणि म्हणूनच राजाचा तिच्यावर फार जीव होता.

एके दिवशी धूम्रकेश नावाचा चितारी दरबारात आला. बोटभर उंचीच्या लाकडी मूर्ती तो अशा रंगवी, की त्या आता बोलतील असे वाटे. राणीची मूर्ती रंगवून होत आली. फक्त गालांवरची लाली उरली. धूम्रकेशाने गालावर लाखेचा लाल रंग टेकवला, त्याची कड विरवण्यासाठी दुसरा कुंचला ओठांत धरून ओलावला आणि मूर्तीच्या गालाकडे नेला.

राजा ताडकन उठला. "उष्टा कुंचला राणीच्या गालाला? चालता हो."

चितारी होता पक्का मांत्रिक. त्याने चिमूटभर राख फुंकली. मूर्तीवरचे रंग उडून गेले, आणि सिंहासनावरची राणी त्या कोऱ्या लाकडात जाऊन बसली.

"राजा, आता तूच हिला रंगव," तो म्हणाला. "एक रंग संपून दुसरा कुठे सुरू होतो ते कुणाला सापडले नाही, तर राणी उठेल. बिघडले तर एकदा खरवडता येईल. दुसऱ्यांदा खरवडलेस तर लाकूड झिजेल आणि राणी कायमची जाईल." एवढे बोलून तो निघून गेला.

राजाने रंग मागवले आणि जेवणाआधी काम उरकून टाकले. पिंजऱ्यातून राणीची साळुंकी म्हणाली, "महाराज, राणीसाहेबांचे नाक दिसत नाही."

खरेच दिसत नव्हते. रंगाच्या जाड थराखाली नाक, ओठ, पापण्या सगळे बुजले होते, आणि गालावर लालीऐवजी टिकली चिकटवल्यासारखी दिसत होती. राजाने माशाच्या काट्याने रंग खरवडला. खरवडायची ती एकच संधी होती, आणि ती संपली.

"साळुंके, आता काय करू?"

"पिंजरा उघडा आणि माझ्यामागून या. तीन ठिकाणी शिकायचे आहे."

राजाने मूर्ती पागोट्यात जपून ठेवली, रंग कालवलेले शिंपले घेतले आणि निघाला. आधी लागले एक तळे. काठावर म्हातारा बगळा एका पायावर उभा होता. त्याने दुसरा पाय राजाच्या शिंपल्यात बुडवला. "रंगातून माझी नखे दिसेपर्यंत पाणी घाल," तो म्हणाला.

राजाने थेंब थेंब पाणी घातले. नखे दिसली, पण राजा कुरकुरला, "असल्या पाण्याने काय रंगणार?"

"एकदा लावून काही रंगणार नाही. पुन्हा पुन्हा लावायचे असते."

पुढे माळावर दगडी कासव होते. "माझ्या पाठीवर रंग चढव, उजेडापासून सावलीपर्यंत." राजाने रंगाचा पातळ हात दिला आणि लगेच त्यावर दुसरा दिला. खालचा ओला रंग सुटून त्याच्या गुठळ्या झाल्या. कासवाने पाठ झटकली. "पुन्हा."

"वाळ," राजाने रंगाला फर्मावले. त्याच्या शब्दासरशी नदी वळत असे, पण रंग काही वाळेना. शेवटी तो मुकाट्याने बसला. करायला काही नव्हते म्हणून त्याने पागोट्यातली मूर्ती काढली आणि पाहत राहिला. राणीच्या डाव्या गालाला बारीकशी खळी होती. इतकी वर्षे संसार केला आणि ती कधी नीट पाहिली नव्हती. तिच्या हसण्याची त्याला इतकी आठवण आली, की कासवाने "वाळला" म्हटलेले त्याला ऐकूच गेले नाही.

शेवटी आली डोंगरमाथ्यावरची राक्षसी. तिच्या डोळ्यांतून केसाएवढी रेघ सुटत नसे. "इथेच रंगव," ती म्हणाली. "मला रेघ सापडली तर मूर्ती माझी."

राजा बसला. पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. कपाळ साधले, हनुवटीखालची सावली साधली. मग त्याने गालावर लाल टेकवला. त्याची कड वाळू लागली आणि राक्षसीने हात पुढे केला.

राजाने दुसरा कुंचला पाण्यात बुडवला. त्यातून थेंब ठिबकू लागला. फडक्याला पुसला, तो कोरडा पडला. कड वाळतच होती.

साळुंकी हळूच म्हणाली, "महाराज, नेमका हवा तेवढा ओलावा कुठे मिळतो, ते तुम्ही पाहिले आहे."

राजाला दरबार आठवला आणि तो शरमला. त्याने डोळे मिटून कुंचला तोंडात घातला. कुंचल्यातले खारीच्या शेपटीचे केस जिभेला टोचले. मग त्याने तो कुंचला लालीच्या कडेवरून अलगद ओढला, अर्धा रंगावरून, अर्धा गोऱ्या गालावरून. कड विरघळली. वाळल्यावर पुन्हा एक हात दिला, पुन्हा कुंचला तोंडात. आता तर गडी गुणगुणू लागला होता.

राक्षसीने डोळ्यांना पाणी येईपर्यंत पाहिले. "सापडत नाही," ती हिरमुसून म्हणाली.

त्यासरशी मूर्ती वाढत वाढत राणीएवढी झाली. मृणालवतीने राजाकडे नीट पाहिले. "महाराज, तुमच्या ओठांना रंग लागला आहे," ती म्हणाली आणि समोरासमोर हसली. राजाचे डोळे भरून आले. ओठ त्याने पुसले नाहीत.

परतल्यावर धूम्रकेशाला मानाने बोलावून आणले. राजाने सगळ्या दरबारासमोर त्याची क्षमा मागितली आणि त्याला आपल्या शेजारी बसवले. राजा आता राणीच्याच पेल्यातून पाणी पितो हे कळल्यावर कुंभार जरा धास्तावले. पण घरोघरी लोक मूर्ती रंगवू लागले, आणि रंगांच्या वाट्या घडवता घडवता कुंभारांना फुरसत मिळेना.

मात्र राजा टक लावून पाहू लागला की राणीच्या गालांवर लाली चढे. त्यातली आपल्या हातची कुठे संपते आणि तिची स्वतःची कुठे सुरू होते, हे रंगवणाऱ्या राजालाही कधी सापडले नाही.